तळघरातला पाळणा

आमच्या इमारतीच्या तळघरात प्रत्येक बिऱ्हाडाला लाकडी पट्ट्यांनी बंद केलेला एकेक कप्पा आहे. केलर म्हणतात त्याला इथे. सायकली, बर्फातले बूट, नाताळच्या दिव्यांची खोकी, कुणालाच नको असलेल्या खुर्च्या, असलं सगळं तिथे जाऊन पडतं. आमच्या कप्प्यात दहा वर्षं एक पाळणा होता, जुन्या चादरीत गुंडाळलेला. कपडे धुण्याची मशीनं त्याच बोळाच्या टोकाला आहेत. त्यामुळे कपड्यांची टोपली घेऊन मला सारखं त्याच्यासमोरून जावं लागे आणि पट्ट्यांच्या फटींतून ती चादर दिसे. तिकडे न बघता चालायची मी सवय करून घेतली होती.

माझी मुलगी मात्र त्या दहा वर्षांत एकदाही तळघरात उतरली नाही. मला वाटायचं, आळशी आहे. वाळलेले कपडे घेऊन ये म्हटलं की तिचा अभ्यास निघायचा, नाहीतर डोकं दुखायचं. मी त्यावरून तिला भरपूर सुनावलेलं आहे. तिला झोप नीट लागत नसे, त्याचं खापर मी मोबाइलवर फोडलं. आपल्या भावाला आपणच मारलं असं ती सात वर्षांची असल्यापासून धरून चालली होती, आणि ते त्या पाळण्यामुळे घडलं अशी तिची खात्री होती, हे मला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

आम्ही जर्मनीत ब्राउनश्वाइगला राहतो. नवरा मोटारींच्या गिअरबॉक्सवर काम करतो, मी सॉफ्टवेअर तपासते. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममध्ये कुठे काय बिघडतं ते शोधायचं आणि का बिघडलं ते लिहून द्यायचं. माझे वडील पुण्यात विज्ञानाचे शिक्षक होते आणि आमच्या घरात देवघर नव्हतं. सासर बरोबर उलटं. पण सासूबाईंशी माझं छान जमतं, कारण त्या मनाने सरळ आहेत, इतक्या सरळ की त्रास होतो. एकदा फ्रँकफर्टच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने त्यांच्याकडे नुसतं बघितलं, तर त्यांनी आपणहून हाताने खुणा करकरून सांगितलं की बॅगेत साजूक तूप आहे. त्याने विचारलंही नव्हतं. तूप गेलं, आणि वर माझ्या नवऱ्याची बोलणी खाल्ली. फोनवर नको असलेलं माणूस आलं तर ‘घरी नाहीये म्हणून सांग’ एवढंसुद्धा त्यांना जमत नाही.

मला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा त्या बाळंतपणासाठी इथे आल्या होत्या. आपल्याकडे बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी काही आणत नाहीत. इथली सुईण मात्र घरी येऊन बघून गेली आणि कपडे, गादी, बाळाची जागा सगळं तयार हवं म्हणाली. ते ऐकून तळमजल्यावरच्या बाई पाळणा घेऊन आल्या. त्या तेव्हाच सत्तरी ओलांडलेल्या, उंच, केसांचा घट्ट अंबाडा, अंगात कायम करडं काहीतरी. पाळणा त्यांच्या आजोबांनी केलेला होता. आपल्यासारखा टांगायचा नव्हे, जमिनीवर ठेवायचा, खाली दोन वाकड्या पट्ट्या. हलवला की कुरकुर वाजायचा. तो परत वापरात यावा अशी योजनाच असणार, असं त्या म्हणाल्या.

योजना हा त्यांचा लाडका शब्द. जर्मनमध्ये फ्युगुंग, म्हणजे देवाने जुळवून आणलेलं. बस चुकली, फ्युगुंग. बस मिळाली, तीही फ्युगुंग. त्या एका छोट्याशा, फार कडक पंथाच्या आहेत. त्यांच्या प्रार्थनेच्या खोलीत चित्र नाही, मेणबत्ती नाही. रविवारी त्या सुईसुद्धा हातात धरत नाहीत. त्यांच्या घराण्यातली निम्मी माणसं फार पूर्वी जहाजात बसून अमेरिकेला गेली, कारण इथल्या चर्चमध्ये त्यांना पुरेसा देव सापडेना. हे त्या अभिमानाने सांगत, आणि मी नवऱ्याला वर येऊन त्याची नक्कल करून दाखवी.

सासूबाईंनी तो पाळणा पाहिला. कोपऱ्यात ठेव आणि वरून चादर टाक, एवढंच मला हळूच म्हणाल्या. मी हसले.

एके दुपारी मी मुलीची बाहुली धुवायला टाकली होती. निळ्या झग्याची कापडी बाहुली, ती कडेवर घेऊन घरभर हिंडायची, शी झाली होती नुसती. मग मी ती बाल्कनीत दोरीवर हातांना चिमटे लावून टांगली. मुलगी फुरंगटून थोडा वेळ त्या ठिबकणाऱ्या बाहुलीखाली उभी राहिली आणि मग खोलीत गेली. हातात काही नाही, खेळायला कुणी नाही, म्हणून तिने पाळण्यावरची चादर काढली आणि तो हलवायला लागली. कुरकुर ऐकून सासूबाई उलथनं हातात घेऊनच धावल्या. त्यांनी तिचं मनगट धरलं.

“रिकामा पाळणा हलवायचा नसतो. बाळाला बाधतं.”

मी शेजारच्या खोलीतून ऐकलं. अहो आई, काहीतरीच काय, असं ओरडून म्हणाले आणि परत लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. मुलगी रडली नाही, काही विचारलं नाही. आमच्या मुलीला मराठी सगळं समजतं, उत्तर ती जर्मनमध्ये देते, आणि जेव्हा मनाला लागतं तेव्हा कुठल्याच भाषेत काही बोलत नाही. हे तेव्हा मला अजून कळायचं होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी माझ्या पोटातलं बाळ हलायचं थांबलं. मुलगा होता. सगळं नीट होतं त्याचं, नखंसुद्धा. डॉक्टर बाई माझा हात धरून म्हणाल्या की अशा वेळी बरेचदा कारण सापडतच नाही. मी आयुष्यभर कारणं शोधून पगार घेतलेली बाई. कारण सापडत नाही हे वाक्य मी ऑफिसात कुणाला बोलू देत नाही.

इथल्या दफनभूमीत लहान बाळांसाठी वेगळा कोपरा आहे. लोक त्या थडग्यांवर रंगीत भिरभिरी लावतात. आम्हीही लावलं. तळमजल्यावरच्या बाई आल्या होत्या, काळ्या कोटात. देवाच्या हातून चूक होत नाही, असं त्यांनी मला जवळ घेऊन सांगितलं. मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं. पाळणा परत न्या म्हटलं तर त्यांनी तो घेतला नाही. पुढच्या बाळासाठी राहू दे, म्हणाल्या. पुढचं बाळ आलं नाही. पाळणा नवऱ्याने खाली नेऊन ठेवला. पुढे आम्ही तिघं त्याबद्दल बोललो नाही. त्याला आम्ही सावरणं म्हणत होतो.

गेल्या वसंतात मुलीला शाळेत इंग्रजीच्या वर्गासाठी भाषण तयार करायचं होतं. विषय अमेरिका. बाकीच्या मुलांनी सिनेमे, संगीत, निवडणुका असलं उचललं. हिने निवडले इंग्लंडहून सुरुवातीच्या काळात अमेरिकेत जाऊन वसलेले प्युरिटन लोक, आणि त्यातही ईश्वरी योजनेबद्दलच्या त्यांच्या कल्पना. मी म्हटलं, अगं, खाली बाईंना विचार, त्यांच्या नात्यातलेच असतील. ती हसली नाही.

भाषणाची तालीम तिने बाहेरच्या खोलीत केली. श्रोते म्हणजे मी आणि इस्त्रीचे कपडे. ती छान बोलत होती. म्हणाली की त्या लोकांच्या जगात योगायोग नावाची गोष्टच नव्हती. पाऊस लांबला तर देव रागावला, मग सगळ्या गावाने उपास करायचा आणि आपलं काय चुकलं ते शोधायचं. पीक चांगलं आलं तर देव प्रसन्न झाला, मग आभाराचा दिवस पाळायचा. वीज पडली, गाय मेली, जहाज वेळेवर पोचलं, प्रत्येक गोष्ट म्हणजे देवाने आपल्याला उद्देशून काढलेला शब्द. कोण तरणार आणि कोण नाही हे त्याने जग निर्माण करायच्या आधीच ठरवून टाकलेलं, आणि ते कुणाला सांगितलेलं नाही. त्यामुळे माणूस जन्मभर स्वतःच्या मनात डोकावून खुणा तपासत बसायचा. आपण निवडलेले आहोत की टाकलेले? खात्री कधीच व्हायची नाही.

तिने एक गोष्ट सांगितली ती मला विशेष वाटली. परक्या मुलखात माणूस खुणा जास्त वाचतो, म्हणाली. जिथे झाडं ओळखीची नाहीत, थंडी ओळखीची नाही, तिथे सगळंच काहीतरी सांगतंय असं वाटू लागतं. मला आमची पहिली वर्षं आठवली. परदेशी लोकांच्या व्हिसाच्या कचेरीतून पिवळा लिफाफा आला की तो उघडण्याआधी मीही काय काय मनात म्हणायचे. पण ते मी तिला बोलले नाही.

मग ती मृत्यूवर आली. घरात मूल गेलं तर ते कशाने गेलं हा प्रश्न त्यांना मोठा नसे. का गेलं हा असे. घरातल्या प्रत्येकाने आपलं मन तपासायचं, आपल्या हातून काय घडलं ते आठवायचं. मुलांनीसुद्धा. “मुलांनीसुद्धा” म्हणून ती थांबली आणि हातातल्या कागदांची चळत सारखी करत बसली.

मी इस्त्री फिरवत म्हटलं, काय डोक्याला ताप. असं कसं कुणी जगू शकतं?

सवय होते, ती म्हणाली. जर्मनमध्ये.

मी त्या वाक्यावरून इस्त्री फिरवून पुढे गेले. तिला भाषणात चांगले गुण मिळाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तळमजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या. त्यांची नात नवऱ्यासह त्यांच्याकडेच राहायला आली होती, आणि तिला दिवस गेले होते. हिवाळ्याच्या सुरुवातीला बाळ येणार होतं. पाळणा अजून असेल तर हवा होता. हे मागताना त्या बाई इतक्या अवघडल्या होत्या की मला त्यांची पहिल्यांदाच दया आली. मी म्हटलं, अहो, तुमचाच तर आहे.

जेवताना मी हे सांगितलं. मुलीने चमचा खाली ठेवला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“नको,” ती म्हणाली. “तो नका देऊ त्यांना. तो मी हलवलाय.”

नवरा म्हणाला, कधी? कसला? मग ती बोलली. सगळं जर्मनमध्ये, खाली बघून, तिच्या भाषणासारखं मुद्देसूद. ती दुपार, आजीने धरलेलं मनगट, ते वाक्य. मग दवाखाना. मोठ्यांना माहीत आहे पण आपल्याला वाईट वाटू नये म्हणून कुणी बोलत नाही, असं तिला वाटत आलं होतं. आम्ही कधी त्या विषयाला हात लावला नाही हाच तिच्या दृष्टीने पुरावा होता. भिरभिरं बदलायला जायचो तेव्हा ती मनातल्या मनात भावाची माफी मागायची. नवरा उठून गॅलरीत गेला. मी तिला पोटाशी धरलं आणि वेडी आहेस का, वेडी आहेस का, एवढंच म्हणत राहिले. मला इतका राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते समजत नव्हतं.

मला वाटलं, आता बाहेर आलं ना, आता मी हे दुरुस्त करीन. बिघाड सापडला की अर्धं काम होतं. शनिवारी दुपारी मी तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर खाली. ती आली, पण कप्प्याच्या दारातच थांबली. मी कुलूप काढून चादर ओढली. धूळ उडाली. पाळणा होता तसाच होता, आत गादीची खोळ घडी करून ठेवलेली. ती मी काढून घेतली. मग मी व्याख्यान दिलं. हे ओकचं लाकूड आहे, हे खिळे आहेत. लाकूड हललं म्हणून चार भिंतींपलीकडे पोटातल्या बाळाला काही होत नसतं. आजी जुन्या वळणाची आहे, ती प्रेमाने म्हणाली, पण ते खोटं आहे.

“मग हलव ना,” ती म्हणाली.

मी पाळण्याच्या कडेवर हात ठेवला. सकाळीच मी त्या नातीला जिन्यात पाहिलं होतं, एक हात कठड्यावर, दुसरा पोटावर. तिने मला हसून मॉर्गेन म्हटलं होतं. माझा हात कडेवर होता आणि तो हलेना. मी स्वतःला म्हटलं, हलव, मूर्ख बाई, नुसतं ढकलायचं आहे. तळघरात मशीन घरघरत होतं. मुलगी माझ्या हाताकडे बघत होती. शेवटी मी काहीतरी पुटपुटले, कोळी दिसतोय म्हणाले, आणि हात मागे घेतला.

“गेनाऊ,” ती म्हणाली. अगदी बरोबर. आणि जिना चढून गेली.

माझ्या वडिलांचं घर, माझी डिग्री, बायकांच्या खुळचटपणावर आयुष्यभर मारलेले टोमणे, सगळं त्या एका शब्दात निकालात निघालं. मी तिथेच पायरीवर बसले. मला स्वतःची लाज वाटत होती, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. तिला जे खरं वाटत होतं त्यावर मी माझ्या हाताने शिक्का मारून ठेवला होता.

मी हरले म्हटल्यावर, ज्यांची नक्कल करायचे त्यांच्याच दाराशी गेले. मुलीलाही घेऊन गेले. बाईंनी सगळं ऐकलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. मग त्या मुलीला म्हणाल्या की त्या बाळाचे दिवस जग व्हायच्या आधी मोजून ठेवलेले होते. एवढ्याशा पोरीच्या हाताने देवाचा बेत बदलतो असं समजणं हा गर्व आहे. त्यांचं बोलणं कठोर होतं आणि मला ते आवडलं. असं काहीतरी मला सुचायला हवं होतं, असं वाटलं. त्या पुढे म्हणाल्या की त्यांची आई बटाटे सोलताना हा पाळणा रिकामाच पायाने हलवत बसायची, तिची ती सवयच होती.

मुलीने विचारलं, “आणि त्यात झोपलेली सगळी मुलं जगली?”

 सगळी नाही, बाई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता आलं नाही. त्यांच्या देवाला ते चालत नाही. वर येताना मुलगी मला म्हणाली की, म्हणजे एकतर मी केलं, नाहीतर देवाने ठरवून केलं, आणि तरी ह्या बाई त्याचे आभार मानतात. मला दोन्ही नको आहे, ती म्हणाली. 

पावसाळा सरता सरता सासूबाई आल्या. मी त्यांच्याशी भांडायचं पक्कं ठरवलं होतं. वाक्यं तयार होती. पण विमानतळावर त्या चाकाच्या खुर्चीतून बाहेर आल्या, एवढ्याशा झालेल्या, मांडीवर देवांचा डबा घट्ट धरलेला. वाक्यं गिळली. दुसऱ्या दिवशी मुलगी बाहेर गेलेली असताना मी त्यांना स्वयंपाकघरात बसवून सांगितलं, तळघरातल्या माझ्या हातासकट.  संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, अजून झोपेत दचकते का? मी हो म्हटलं. त्या उठून खोलीत गेल्या आणि दुपारच्या जेवणाला आल्या नाहीत.

सकाळी आंघोळ करून त्यांनी पुस्तकांच्या कपाटात मांडलेल्या देवांची पूजा केली, निरांजन लावलं आणि आपल्या नातीला हाक मारली. मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते.

“इथे बस,” त्या म्हणाल्या. “आईने सांगितलं मला. तू चुकीचं धरून बसलीयेस. पाळणा रिकामा नव्हता.”

मुलगी त्यांच्यासमोर बसली.

“आपल्याकडे बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा ठेवतात. त्याला टोपडं घालतात. का? रिकामा पाळणा हलू नये म्हणून. आत काहीतरी असलं की बाधत नाही. तुझी बाहुली होती आत.”

“नव्हती, आजी. आत काहीच नव्हतं,” ती जर्मनमध्येच म्हणाली, नकारार्थी मान हलवत.

“होती. निळ्या झग्याची. मी मनगट धरलं तेव्हा ती पडली खाली. मी नीट न बघता ओरडले तुझ्यावर. मागून मला दिसली, पण तेव्हा बोलायचं राहून गेलं.” त्यांनी बाळकृष्णावर हात ठेवला. “ह्याच्यासमोर सांगते.”

मला चिमटे दिसत होते. ते लाकडी चिमटे, आणि दोरीवर हात पसरून ठिबकत असलेली बाहुली. माझं तोंड उघडलं होतं. चूक दिसली की बोलायचं ही माझ्या धंद्याची सवय. मी ते मिटलं.

मुलीने आजीकडे पाहिलं, मग त्या निरांजनाकडे. ती आठवत होती. दहा वर्षांपूर्वीच्या एका दुपारी, सातव्या वर्षी, हातात काय होतं आणि काय नव्हतं हे कुणाला नक्की आठवतं? पण आजी खोटं बोलत नाही, हे या घरात सगळ्यांना माहीत होतं. तुपाची गोष्ट तर तीच सगळ्यांना रंगवून सांगते.

“खरंच?” तिने विचारलं. मराठीत.

सासूबाईंनी मान डोलावली. मुलीने त्यांच्या मांडीत डोकं खुपसलं आणि सातव्या वर्षी जे रडायला हवं होतं ते ती तेव्हा रडली. पोर मोठी, मांडी लहान, तरी सासूबाई तिला थोपटत बसल्या.

नंतर मी ओट्यापाशी जाऊन हळूच म्हटलं, आई, बाहुली तर त्या दिवशी... त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही. पोहे करपतायत बघ, म्हणाल्या. पोहे अजून भिजतच होते.

त्या दिवसापासून इथे असेपर्यंत त्यांनी देवांना हात लावला नाही. आंघोळ तू घाल, मला म्हणाल्या, माझे हात कापतात हल्ली. मी बाळकृष्णाला आयुष्यात पहिल्यांदा पाणी घातलं. चहा गाळताना त्यांचे हात कापत नव्हते.

पाळणा आम्ही पुसून, तेल देऊन बाईंकडे पोचवला. एक बाजू त्यांच्या नातीच्या नवऱ्याने धरली, दुसरी माझ्या मुलीने. नोव्हेंबरात नातीला मुलगी झाली, गुटगुटीत. आता खालून कुरकुर ऐकू येते. माझी मुलगी अभ्यास करता करता ऐकते आणि हसते. कपडे आणायला ती एकटी तळघरात जाते आणि रात्रभर झोपते. मी मात्र कुरकुर ऐकू आली की हातातलं काम थांबवते. पाळण्यात बाळ आहे की नाही हे वरून समजत नाही.

जानेवारीत पुण्याहून नणंदेचा फोन आला. सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मी विचारलं, कशा पडल्या? माझी सवय. बाथरूममध्ये का? फरशी ओली होती का? नणंद म्हणाली, नाही गं, देवघराच्या दारात. भर सकाळी. फरशी कोरडी, पायात काही अडकलं नाही, चक्कर नाही, साखर तपासली ती ठीक आहे. का पडली तेच कळत नाही. डॉक्टरही कारण सापडत नाही म्हणतात.

नवरा मिळेल त्या विमानाने गेला. ऑपरेशन झाल्यावर त्याने फोन त्यांच्या कानाला लावून दिला. आवाज बारीक होता. दुखतंय का, असं मी विचारलं, ते त्यांनी ऐकलं नाही.

“पोरगी झोपते ना नीट?”

“हो, आई. छान झोपते.”

“मग झालं,” त्या म्हणाल्या. “थोडक्यात सुटलो.”

मी फोन ठेवला तेव्हा मुलगी दारात उभी होती. तिच्या हातात पेन्सिल होती आणि चेहऱ्यावर तोच जुना पांढरेपणा यायला लागला होता. हळूहळू ती कुठल्यातरी प्रश्नाकडे निघाली होती. आजी का पडली, तिने विचारलं.

“फरशी ओली होती,” मी म्हटलं.